मनाच्या दुखण्याचा पुरावा : वऱ्हाडातील मानसिक आरोग्यसेवेचे एक प्रकरण

वऱ्हाडातील मानसिक आरोग्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला आपली बहुतेक साधने रुग्णालयांच्या नोंदवह्यांत नव्हे, तर महसूल खात्याच्या दप्तरात शोधावी लागतात; कारण या प्रदेशातील माणसाचे मन खचते आहे, ही गोष्ट शासनदरबारी प्रथम पोहोचली ती तलाठ्याच्या अहवालातून, सातबाऱ्यावरील कर्जाच्या बोज्यातून आणि पंचनाम्यातून. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह जीवन संपवले, आणि पुढील दोन दशकांत कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात अशा मृत्यूंची मालिका सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या, त्या निमित्ताने २००५ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आणि २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी आपापले अहवाल सादर केले. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. व्याजमाफी, सिंचन, बियाणे, जोडधंदा यांवर त्या पॅकेजचा भर होता, आणि तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही; कर्ज, नापिकी आणि पडलेला भाव यांतून आलेल्या दुःखावर गोळी हा उपाय असू शकत नाही, हे वऱ्हाडातील प्रत्येक घराला ठाऊक आहे.

तरीही या व्यवहारात एक पोकळी राहिली. मृत्यूनंतर संबंधित कुटुंब मदतीस ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निर्णय होण्याची रीत बसली. परंतु त्या मृत्यूआधीच्या सहा महिन्यांत ज्या माणसाची झोप उडाली होती, ज्याने वावरात जाणे सोडले होते, जो चावडीवर बसेनासा झाला होता, त्याच्यापर्यंत कोणी, केव्हा आणि कोणत्या उपायाने पोहोचावे, हा प्रश्न जवळजवळ दशकभर कोणाच्याच कार्यकक्षेत बसत नव्हता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील प्रकाश बेहेरे यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००८ च्या सुमारास या विषयावर लिहिण्यास आरंभ केला, आणि अमोल डोंगरे व प्रदीप देशमुख यांनी २०१२ मध्ये गावकऱ्यांशी सविस्तर बोलून त्यांच्या दृष्टीने कारणे कोणती, हे मांडले. मात्र कारणांची यादी हाती असणे आणि उपाय हाती असणे यांत मोठे अंतर असते.

उपचाराची व्यवस्था पाहिली तर हे अंतर शब्दशः किलोमीटरमध्ये मोजता येते. महाराष्ट्रात शासकीय मनोरुग्णालये चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. त्यांतील एकही वऱ्हाडात नाही. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २००२ मध्ये, आणि तोवर तेल्हारा, पातूर किंवा बार्शीटाकळीच्या रुग्णाला मनाच्या दुखण्यासाठी प्रामुख्याने शहरातील खासगी दवाखान्यांचा आधार होता. जठारपेठ, रामदासपेठ यांसारख्या अकोल्याच्या वस्त्यांत शिकलेल्या, पगारदार कुटुंबाला डॉक्टरकडे जाणे फार अवघड नव्हते. पण चाळीस किलोमीटरवरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला एसटीचे भाडे, एका दिवसाची मजुरी आणि ‘अमक्याच्या डोक्यात फरक पडला’ ही गावभर होणारी चर्चा, असे तिहेरी मोल मोजल्याशिवाय जठारपेठेपर्यंत पोहोचता येत नव्हते. ज्यांना उपचाराची गरज आहे आणि ज्यांना तो प्रत्यक्ष मिळतो, त्यांच्या संख्येतील या फरकाला आरोग्यशास्त्रात ‘उपचारदरी’ म्हणतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला, कर्नाटकातील बळ्ळारीच्या प्रयोगावरून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू झाला, तरीही ही दरी बुजली नाही.

ती बुजवण्यासाठी जे पुढे घडले ते समजून घ्यायचे तर ‘पुराव्यावर आधारित उपचार’ या संकल्पनेकडे थोडे वळावे लागते. एखादा उपाय थोर वैद्याने सांगितला, किंवा परंपरेने चालत आला, किंवा बुद्धीला पटला, एवढ्याने तो गुणकारी ठरत नाही; तो न केलेल्यांच्या तुलनेत केलेल्यांना खरोखर अधिक गुण आला का, हे मोजून पाहावे लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावत होते हे दाखवले, तेव्हा परिचर्या आणि पुरावा यांचे नाते प्रथम ठळकपणे जगापुढे आले. १९४८ मध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कोणत्या रुग्णाला नवे औषध द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडीविना ठरले होते. हीच यादृच्छिक नियंत्रित चाचणी. १९७२ मध्ये आर्ची कॉक्रेन यांनी उपचारांच्या परिणामकारकतेचा हिशेब मागणारे पुस्तक लिहिले, १९९२ मध्ये कॅनडातील गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला आजचे नाव रूढ करून दिले, आणि १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट यांनी त्याची व्याख्या करताना उपलब्ध उत्तम पुरावा, उपचारकर्त्याचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची इच्छा या तिन्हींची सांगड आवश्यक मानली. यांतील तिसरा घटक पुष्कळदा विसरला जातो.

मानसोपचाराच्या क्षेत्रात अशा कसोटीची गरज किती होती, याचे सर्वांत बोलके उदाहरण इन्शुलिन कोमाचे आहे, आणि परिचारिकांच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला इन्शुलिन टोचून रक्तातील साखर इतकी उतरवायची की तो बेशुद्ध व्हावा, मग ग्लुकोज देऊन त्याला शुद्धीवर आणायचे, आणि हे आठवडेच्या आठवडे करायचे, अशी ही पद्धत १९३० च्या दशकात मॅनफ्रेड साकेल यांनी प्रचारात आणली आणि ती जगभर पसरली. जीव जाण्याचा धोका असल्याने या रुग्णांसाठी वेगळा कक्ष असे, निवडक परिचारिका असत, आणि त्या प्रत्येक रुग्णाची नाडी, श्वास, घाम पाहत तासन्‌तास उशाशी बसत, शुद्धीवर आल्यावर त्याला भरवत, त्याच्याशी बोलत. रुग्ण सुधारताना दिसत, म्हणून श्रेय इन्शुलिनला मिळे. १९५३ मध्ये हॅरॉल्ड बोर्न या तरुण डॉक्टरने या समजावर जाहीर आक्षेप घेतला, आणि १९५७ मध्ये ॲक्नर व सहकाऱ्यांनी काही रुग्णांना इन्शुलिनने, तर काहींना निव्वळ झोपेच्या औषधाने बेशुद्ध करून, बाकी सर्व शुश्रूषा अगदी सारखी ठेवून तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. याचा अर्थ असा होऊ शकतो की जो काही गुण येत होता तो सुईचा नव्हता. तो उशाशी बसलेल्या परिचारिकेच्या सोबतीचा असावा. परिचर्येला दुय्यम मानणाऱ्या व्यवस्थेने हा निष्कर्ष जितका मनावर घ्यायला हवा होता, तितका तो घेतला गेला नाही.

मराठीभाषक प्रदेशाच्या सीमेवर, गोव्यात, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने हाच धागा नव्या शतकात उचलला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हाती घेतलेल्या ‘मानस’ या चाचणीत २४ दवाखाने निवडले गेले, त्यांतील निम्मे शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि निम्मे खासगी डॉक्टरांचे. उदासी व चिंता यांनी ग्रासलेल्या २,७९६ रुग्णांचा त्यात समावेश होता. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले गेले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले, ते असे की शासकीय केंद्रांत ज्यांच्या आजाराचे निदान पक्के झाले होते, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के आणि नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. नकोसा वाटणारा निष्कर्षही त्याच पानावर छापला जातो, हे या पद्धतीचे बळ आहे. त्यानंतर २०१४ मध्ये तमिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन केलेल्या मदतीने आजाराची लक्षणे आणि रोजच्या जगण्यातील अडचणी दोन्ही थोड्याच प्रमाणात कमी झाल्या, असे आढळले.

याच परंपरेतून वऱ्हाडात ‘विश्राम’ आला. विदर्भातील ताण आणि आरोग्य यांसाठीच्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरून हे नाव घडले. टाटा ट्रस्टच्या अर्थसाहाय्याने, मानसोपचारतज्ज्ञ राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत त्याच्या परिणामांचे मोजमाप केले. त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. गावातीलच कार्यकर्ते छोट्या बैठका घेत, मनाच्या आजाराविषयी बोलत, खचलेला माणूस ओळखून त्याला पहिला आधार देत. त्याच्यावर प्रशिक्षित समुपदेशक. आणि ज्यांना औषधांची गरज होती त्यांच्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात मानसोपचारतज्ज्ञाची फिरती सेवा. जठारपेठेसारख्या शहरी वस्तीत जे उपलब्ध होते ते गावाच्या वेशीपर्यंत आणण्याचा हा प्रयत्न होता. पण तज्ज्ञ गावात नेऊन बसवण्याऐवजी तज्ज्ञाच्या कामाचे तुकडे करून त्यांतील बहुतांश काम गावातील माणसाच्या हाती देणे, हे त्याचे खरे तत्त्व होते. आरोग्यशास्त्रात याला कार्यविभागणी असे म्हणता येईल.

उदासी मोजायची कशी, याचे उत्तर नऊ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत होते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस झाले, झोप लागली नाही असे किती दिवस, भूक, थकवा, आपण घरच्यांना कमी पडलो ही भावना, आणि शेवटी जगण्यापेक्षा मेलेले बरे असा विचार. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि १० किंवा अधिक गुण आल्यास उदासीनतेचा आजार असण्याची शक्यता मोठी. ओसरीवर बसून अनोळखी माणसाने नवव्या प्रश्नाला हात घालणे सोपे नसते. ‘टेन्शन’, ‘जीव लागत नाही’, ‘डोकं काम करत नाही’ या रोजच्या बोलीतून सुरुवात करून, कापसाच्या भावावरून, मुलीच्या लग्नावरून हळूहळू त्या प्रश्नापर्यंत जावे लागते, आणि उत्तर ‘होय’ आले तर तेथून उठून चालत नाही.

समुपदेशकाच्या बैठकीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. गोव्यात पुढे तपासल्या गेलेल्या, सहा ते आठ बैठकांच्या उपचारपद्धतीचा पाया ‘वर्तन सक्रियता’ हा आहे. मन उदास झाले की माणूस कामे सोडतो, कामे सोडली की समाधान देणारे प्रसंग आटतात, आणि ते आटले की मन आणखी उदास होते. म्हणून मन बरे होण्याची वाट न पाहता एखादे लहानसे काम आधी सुरू करायचे. बचत गटाच्या बैठकीला जाणे बंद केलेल्या बाईला समुपदेशक ‘आनंदी राहा’ असे सांगत नाही. पूर्वी दिवस कसा जात असे ते विचारतो, त्यातील आज जमेल असे एकच काम तिच्याकडूनच निवडून घेतो, कोणत्या वारी, किती वाजता, कोणासोबत हे कागदावर लिहितो आणि पुढच्या खेपेला त्या कागदापासूनच बोलणे सुरू करतो. समुपदेशक एकमेकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण देत, जेणेकरून पद्धत मनमानी होऊ नये. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवरील या चाचणीत तीन महिन्यांनी आजार ओसरलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के आढळले. नेहमीच्या उपचारांत थोडी सुधारणा करून तेवढेच दिलेल्यांत ते ३९ टक्के होते.

‘विश्राम’चे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण आरंभीच्या पाहणीत ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. पहिला आकडा पुन्हा एकदा वाचावा असा आहे. ज्या प्रदेशासाठी हजारो कोटींची पॅकेजे जाहीर झाली होती, ज्याच्यावर देशभरातील वृत्तपत्रांनी रकाने भरले होते, तेथे मनाने आजारी असलेल्या शंभर माणसांतील पंचाण्णवांहून अधिक जणांनी कोणाकडेही मदत मागितलेली नव्हती. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही कार्यक्रमानंतर ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. अर्थात, या अभ्यासात तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावे नव्हती. आधी आणि नंतर अशी ही मोजणी होती, त्यामुळे बदलाचे सारे श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही, आणि मृत्यूंची संख्या घटली असे त्यावरून म्हणणे तर मुळीच योग्य ठरणार नाही. तरीही मदत मागण्याचे प्रमाण दीड वर्षात सहापट व्हावे, ही वाढ लहान म्हणता येणार नाही.

राज्य शासनाने २०१५ मध्ये चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात वऱ्हाडातील जिल्हे होते. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन पाहणी करावी, खचलेली माणसे शोधावीत, त्यांना आरोग्य केंद्र आणि तेथून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार कक्षाकडे पाठवावे, सोबत १०४ या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळावा, अशी त्याची आखणी होती. ‘विश्राम’मधील कार्यकर्त्याच्या हाती मोजकी गावे आणि एकच विषय होता, आशा स्वयंसेविकेच्या झोळीत लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुटुंबनियोजन यांच्या वह्या आधीच भरलेल्या होत्या. पुराव्याने सिद्ध झालेला उपाय सरकारी योजनेत उतरतो तेव्हा त्यातील प्रशिक्षण, देखरेख आणि पुरेसा वेळ हे घटक वगळून नुसता फॉर्म उरण्याचा धोका असतो, आणि मग जो उपाय सिद्ध झाला तो आणि जो राबवला गेला तो एकच राहत नाही. हे प्रत्येक नव्या योजनेच्या वेळी तपासले पाहिजे.

पुरावा कधी कधी अतिशय रास्त वाटणाऱ्या कल्पनेलाही नाकारतो. घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो म्हणून क्षणिक आवेगात अनर्थ होतो, तेव्हा कुलूपबंद पेट्या वाटाव्यात, ही कल्पना कोणालाही पटेल. श्रीलंकेतील १८० खेड्यांत ती तपासली गेली आणि २०१७ मध्ये असे निष्पन्न झाले की पेट्यांमुळे विषबाधेच्या घटना घटल्या नाहीत. त्याच देशात १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढील दशकभरात आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर उतरले. मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी कीटकनाशके ज्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली, तेथे या दोन निष्कर्षांतील फरक जीवनमरणाचा आहे.

आणखी एक निष्कर्ष थेट परिचारिकेच्या कामाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांत, जीव देण्याचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर एक चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी घरी सोडण्यापूर्वी तासभर बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत ठरलेल्या नऊ वेळी फोनवर किंवा भेटून विचारपूस केली गेली, पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या आठवड्यात, चौथ्या आठवड्यात, अशी. हे काम डॉक्टर, परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ यांपैकी कोणीही करू शकत होते. अठरा महिन्यांनी आत्महत्येने मृत्यू आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के आणि दुसऱ्यात ०.२ टक्के होते. यासाठी ना नवे यंत्र लागले, ना महागडे औषध. इन्शुलिन कक्षातील परिचारिकेच्या सोबतीबद्दल १९५७ मध्ये जी शंका मनात आली होती, तिच्याशी हा निष्कर्ष जुळणारा आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांच्यासोबत परिचारिकेलाही जागा आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तिची व्याख्या आहे, आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमात मानसिक परिचर्या हा विषयही आहे. त्याच कायद्याने, २९ मे २०१८ पासून, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानून तिला शिक्षेपासून मुक्त केले आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. कायदा झाला, पुरावा उपलब्ध आहे, मनुष्यबळाची तरतूद कागदावर आहे; म्हणून अमरावतीचे इर्विन रुग्णालय असो की अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, विषबाधेच्या रुग्णाला घरी सोडताना त्याच्या कार्डावर पुढील नऊ विचारपुशींच्या तारखा लिहिल्या जाव्यात, आणि त्या तारखा पाळण्याचे काम एखाद्या परिचारिकेच्या ड्युटीचा अधिकृत भाग व्हावे, एवढी मागणी वऱ्हाडातील नागरिकांनी, वैद्यकीय संघटनांनी आणि जिल्हा परिषदांनी शासनाकडे एकमुखाने केली पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या केंद्र शासनाच्या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, आणि आपल्या घरातील किंवा शेजारातील माणूस गप्प गप्प होत चालला असेल, तर वाचकांनी त्याच्याशी स्वतः बोलावे आणि हा क्रमांक त्याच्याजवळ ठेवावा.